घासलेल्या गालाचं नाणं

१९ फेब्रुवारी १९३३, रविवार

लिही, लव्हिनिया. पहिल्या पानावर असं लिही की ही वही हेस्टर टॉलिव्हरची, वय वर्षं ब्याऐंशी, आणि अक्षर तिच्या सुनेचं. अक्षराला कुणी नावं ठेवलीच तर ती योग्य ठिकाणी पोचावीत.

वही ओडेसानं दिली, वाढदिवसाची. ओडेसा माझ्या पर्लची मुलगी. पर्ल गेली तेव्हा ती सात वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याजवळच वाढली. आता शिक्षिका व्हायच्या कॉलेजात आहे, शेवटचं एक वर्ष उरलंय. वही माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आजी, तू बोलत जा, कुणीतरी लिहील." आणि गाडीत बसून कॉलेजात निघून गेली. घरात लिहिता येणारी दोनच माणसं उरली. त्यातल्या रॉस्कोला, म्हणजे माझ्या नातवाला, दोन ओळी लिहायला न्याहारीपासून जेवणापर्यंत वेळ लागतो. राहिली त्याची आई.

मी हॅवरस्टिक साहेबांच्या घरी एक्केचाळीस वर्षं स्वयंपाक केला, झाडलोट केली. साहेब रोज वही लिहायचे. काय खाल्लं, कसं पचलं. मेल्यावर त्या अडतीस वह्या कातडी पुठ्ठ्यात बांधून ठेवल्या. माझ्या हातच्या सूपाचा इतिहास झाला, हाताचा नाही. म्हणून आता माझी वही.

लव्हिनियाला बायबलवर हात ठेवायला लावला. मी बोलेन ते सगळं लिहायचं, गाळायचं नाही, गोड करायचं नाही.

"आणि माझ्याबद्दल वाकडं बोललात तर?"

"तर जरा सुवाच्य लिहायचं."

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज नाण्याबद्दल.

साहेबांना जुन्या सोन्याच्या नाण्यांचा नाद होता. नाद म्हणजे असा की बायको कंटाळून माहेरी गेली आणि त्यांना ते तिसऱ्या दिवशी कळलं, बटण तुटलं तेव्हा. स्प्रूस रस्त्यावरच्या घरात वरच्या मजल्यावर महोगनीचं कपाट होतं. त्याला चपटे खण, खणात हिरवं मखमली कापड, कापडात गोल खळगे, एका खळग्यात एक नाणं. हा देश पोरसवदा होता तेव्हा इथेच, फिलाडेल्फियात पाडलेली नाणी. प्रत्येकाखाली घडी घालून ठेवलेली चिठ्ठी. तिच्यावर नाणं कुठलं, कुणाकडून आलं, काय दिलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कपाट पुसताना मला वाटलं, बिचारी मळलीत. चांदीची भांडी घासायची पांढरी पूड घेतली, फडकं ओलं केलं आणि हाताला आलं त्या पहिल्या नाण्यावरच्या बाईचा गाल घासला. असा लखलखला म्हणून सांगू. दुसरं उचलणार तेवढ्यात साहेब दारात. ओरडले नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "हेस्टर, पंच्याऐंशी वर्षं त्या बाईचं तोंड कुणी धुतलं नव्हतं."

मला शाबासकी वाटली. मी म्हटलं, बाकीच्यांचंही धुते ना साहेब.

मग कळलं. जुन्या नाण्यावर काळाची एक कातडी चढलेली असते, तिच्यावरच जाणकार पैसे लावतो. घासली की गेली, पुन्हा येत नाही. नाणं धरायचं ते कडेनं, दोन बोटांत. आणि त्याच्यावर तोंड नेऊन बोलायचं नाही, कारण थुंकीचा बारीक तुषार पडला तरी वर्षभरानं डाग उमटतो. त्या घरात मी गप्प बसायला शिकले ती त्या कपाटापाशी. इतरत्र नाही, हे लव्हिनिया सांगेल.

साहेबांनी नाण्याची किंमत माझ्या पगारातून कापली. सहा वर्षं. फिटली त्या दिवशी नाणं चिठ्ठीसकट माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, "माझ्या खणात याला आता जागा नाही. हे तुझं. चिठ्ठीवर तुझं नाव घातलंय."

आमच्या लहानपणी मालकाच्या शेतावर गुलामाच्या पोराच्या हातात पुस्तक दिसलं तर पाठीवर वळ उठायचे. स्वातंत्र्य आलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. शाळा निघाली चर्चच्या तळघरात, संध्याकाळची, आणि संध्याकाळी मी लोकांची भांडी घासत असायचे. तेव्हा चिठ्ठी मला वाचता आली नाही. लव्हिनिया लग्न होऊन आली त्या हिवाळ्यात तिच्याकडून वाचून घेतली. तिनं जरा वेळ लावला, मग वाचलं, "किंमत पूर्ण फेडली. मालकीण हेस्टर टॉलिव्हर." मालकीण हा शब्द मी तीनदा वाचून घेतला.

नाण्यावर टोपीवाली बाई, भोवती सोळा तारे. मागे गरुड, चोचीत पानांचा हार, पण अंगानं उपाशी कोंबडी. किती डॉलर ते कुठेच लिहिलेलं नाही. त्या काळी लिहीत नसत म्हणे. म्हणून मला ते आवडतं. साक्षर माणूसही त्याच्याकडे माझ्यासारखाच बघत राहतो.

ते माझ्या हिवाळी कोटाच्या अस्तरात शिवलेलं आहे. सप्टेंबरात उसवायचं, विकायचं आणि ओडेसाचं शेवटचं वर्ष भरायचं. आमच्या घरात एक तरी बाई फळ्यासमोर उभी राहिलेली मला बघायची आहे.

७ मार्च, मंगळवार

बँका बंद. नवीन राष्ट्राध्यक्षांनी खुर्चीत बसल्या बसल्या देशातल्या सगळ्या बँकांना कुलूप घातलं. रॉस्को म्हणतो, "आजी, पहिल्यांदाच माझी आणि गोऱ्यांची सारखी स्थिती झाली." गोदीवरचं त्याचं काम गेल्याला चौदा महिने झाले. विनोद करायला वेळ पुष्कळ आहे त्याच्याकडे. सव्वीस वर्षांचा मुलगा खिडकीत बसून येणारे-जाणारे ट्रक मोजतो. म्हणे, एक जुना ट्रक हाती आला तर कोळसा, बर्फ वाहीन, कुणाच्या बापाचं ऐकणार नाही.

लव्हिनिया शर्टाच्या कारखान्यात जाते, तिथेही आता आठवड्यातून तीनच दिवस काम. माझा एमॉस, हिचा नवरा, आज असता तर वेगळं असतं. आईनं असं म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं. एमॉसला काम आवडायचं नाही.

हे लिहिताना लव्हिनिया हसली. तेही लिही.

१४ मार्च, मंगळवार

आज घरी पाहुणा. क्लेमंट हॅवरस्टिक, साहेबांचा पुतण्या. साहेबांना मूल नव्हतं, घर आणि कपाट ह्यालाच मिळालं. लाँबर्ड रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत त्याची हॅट कुठे ठेवायची हाच प्रश्न पडला. त्यानं ती शेवटी स्वतःच्या गुडघ्यावर ठेवली.

"हेस्टर, तू तर अजिबात बदलली नाहीस."

"बदलले होते साहेब, पण तुम्ही मधली बारा वर्षं आलाच नाहीत."

काकांचे कागद चाळताना त्याला कळलं की सतराशे सत्याण्णव सालचं, सोळा ताऱ्यांचं, बारीक गरुडाचं नाणं कपाटात नाही. तिथला खळगा रिकामा आहे.

"तुझ्याकडे आहे ना ते? घासलेलंच आहे, खरं तर. पण काकांचा संग्रह पुरा व्हावा एवढंच. पंचवीस डॉलर देतो."

"घासलेल्याला पंचवीस? मग सगळा खणच घासून देऊ का?"

तो हसला नाही. चाळीस म्हणाला. मी म्हटलं, साहेब, ते माझ्या नातीच्या नावचं आहे, सप्टेंबरात बाजारात नेईन, तेव्हा तुम्हीही या, बाकीच्यांबरोबर उभे राहा. तो उठला. जिन्यावर अंधार असतो म्हणून लव्हिनिया दिवा घेऊन त्याला खालपर्यंत सोडायला गेली.

बराच वेळ लागला तिला. आमचा जिना तेरा पायऱ्यांचा आहे. मी म्हटलं, "काय गं, खांद्यावर बसवून नेलंस की काय?" म्हणाली, त्याचा पाय मुरगळला होता.

६ एप्रिल, गुरुवार

सोनं सरकारजमा करायचं. कालचा हुकूम आहे, आज पेपरात आला. रॉस्कोनं पेपर आणला, लव्हिनियानं वाचून दाखवला. मे महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आत प्रत्येकानं आपल्याकडचं सोन्याचं नाणं बँकेत द्यायचं, जितक्याचं तितकी कागदी नोट घ्यायची. नाही दिलं तर दहा हजार डॉलर दंड आणि दहा वर्षं तुरुंग.

मी म्हटलं, दहा वर्षांनी मी ब्याण्णवची होईन, तोवर दोन वेळचं जेवण सरकारी. वाईट सौदा नाही.

कुणी हसलं नाही.

वाचता वाचता लव्हिनिया मध्येच थांबली. खोकली. मग बोट खाली सरकवून पुढचं वाचायला लागली. मी विचारलं, तिथे काय होतं? म्हणाली, घामोळ्याच्या पावडरची जाहिरात. एप्रिलात घामोळं कुणाला होतं? ते तुम्ही पेपरवाल्याला विचारा, म्हणाली.

"माझं नाणं जुनं आहे, लव्हिनिया. ह्या सरकारच्या पणजोबाचं. त्याचं काही म्हटलंय का?"

"सोनं ते सोनं, आई. जुनं-नवं काही म्हटलेलं नाही."

"आणि माझ्या नाण्याचे देणार किती?"

"पाच डॉलर. ते पाचाचं नाणं आहे."

सहा वर्षं माझा पगार कापला गेला तो पाच डॉलरसाठी नव्हे.

९ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चमधून झावळी घेऊन आले आणि कोटासमोर बसले. तीन दिवस तोच विचार. न द्यावं तर धरून नेतील. मला नाही हो, मला कोण नेतंय, नेलं तर उचलून न्यावं लागेल. रॉस्कोला नेतील. आपल्यातला मुलगा, काम नाही, घरात लपवलेलं सोनं. एवढं कुठल्याही पोलिसाला पुरतं. लव्हिनिया हेच म्हणाली, आणि म्हणताना तिचे डोळे भरले. आई आहे ती.

ओडेसाला पत्र लिहून विचारू म्हटलं. लव्हिनिया म्हणाली, परीक्षा आहेत तिच्या, कशाला जीवाला घोर.

तेही खरं.

२६ एप्रिल, बुधवार

आज दिलं.

सकाळी अस्तर उसवलं. नाणं कडेनं धरून खिडकीशी नेलं, तोंड मिटून घेतलं आणि बाईकडे बघितलं. तिचा गाल अजून माझ्या मूर्खपणानं चमकतो. म्हटलं, चल बाई. वितळवतील ना तुला? निदान गाल तरी बाकीच्या अंगासारखा होईल.

चिठ्ठीत गुंडाळून कापडी पिशवीत घातलं. चेस्टनट रस्त्यावर बँकेची रांग दारातून बाहेर, खांबांपासून कोपऱ्यावरच्या टोप्यांच्या दुकानापर्यंत. लव्हिनिया म्हणाली, "आई, तुम्ही ह्या बाकावर बसा, मी जाते." पिशवी घेऊन गेली, आणि माझे पाय दुखायला लागायच्या आत पाचाची नोट घेऊन परत आली. मी म्हटलं, एवढी मोठी रांग, तू उडून गेलीस? म्हणाली, म्हाताऱ्या सासूचं सांगितलं तर पुढे घेतलं. आपल्याला रांगेत पुढे घेणारी बँक ह्या शहरात आहे हे कळायला मला ब्याऐंशी वर्षं लागली.

"आणि चिठ्ठी?"

"तीही ठेवून घेतली त्यांनी."

"माझ्या नावाची चिठ्ठी घेऊन बँक काय करणार?"

"नियम असेल, आई. चला, वारा सुटलाय."

मला नाण्यापेक्षा चिठ्ठीचं जास्त लागलं, हे लिहून ठेव. माझं नाव लिहिलेला तेवढा एकच कागद माझ्याजवळ होता. आता ही वही आहे म्हणा.

१४ मे, रविवार

रॉस्कोनं ट्रक घेतला.

जुना आहे, हिरवा, एका बाजूनं चेपलेला, पण चालतो. गोदीवरच्या एका मित्रानं हप्त्यानं दिला म्हणे. कोण मित्र विचारलं तर माय-लेक एकदम बोलले आणि दोघांनी वेगवेगळी नावं सांगितली. मग लव्हिनिया म्हणाली, एकाच माणसाची दोन नावं आहेत. आमच्यात असतात.

आज मातृदिन. मला पुढच्या सीटवर बसवून चर्चला नेलं. दारात सगळ्या बायका बघत होत्या. मी राणीसारखी उतरले, म्हणजे दोघांनी मला धरून उतरवलं. रॉस्कोचा चेहरा असा फुललेला मी तो पाच वर्षांचा असताना बघितला होता. परत येताना म्हणाला, एक टायर गुळगुळीत झालाय, कधी फुटेल सांगता येत नाही.

घरी येऊन मी बँकेची ती पाचाची नोट काढली आणि त्याच्या हातात दिली. टायर घे म्हटलं. बाई गेली ती गेली, निदान एका पोराची चाकं तरी फिरू देत.

त्यानं नोट घेतली नाही. आईकडे बघत राहिला. लव्हिनिया चुलीकडे तोंड करून उभी होती, माशाचे तुकडे उलटत. मीच त्याच्या खिशात कोंबली. लाजाळू आहे पोरगा, बापावर गेला नाही.

११ जून, रविवार

ओडेसा आली. बारीक झालीय. पहिल्याच घासाला विचारलं, "आजी, नाणं का दिलंस? जुन्या दुर्मीळ नाण्यांना तर सूट होती."

मी लव्हिनियाकडे बघितलं.

लव्हिनिया म्हणाली, "सूट चांगल्या नाण्यांना. आपलं घासलेलं. बँकेतल्या माणसानं भिंग लावून बघितलं आणि मान हलवली. गाल बघून म्हणाला, ह्याला कोण दुर्मीळ म्हणेल."

"मग मामी, एप्रिलात आजीला ते सांगितलं का नाहीस?"

"आधी आशा लावायची आणि मग मोडायची, ह्यात काय पुण्य होतं?"

मला बोलायचं होतं. पण डोळ्यासमोर माझंच ओलं फडकं आलं, पांढऱ्या पुडीचं. एकदा घासलं त्याची शिक्षा किती वर्षं चालते बघा. ताटातली मक्याची भाकरी तशीच राहिली. ओडेसानं माझा हात धरला. तिला वाटलं मी नाण्यासाठी रडतेय. मी माझ्या फडक्यासाठी रडत होते.

सप्टेंबरात कॉलेज नाही. तिनंच सांगितलं, शांतपणे, जसं डॉक्टर सांगतात.

३ जुलै, सोमवार

ओडेसाला काम मिळालं. मीच मिळवून दिलं, कुणाला दोष देऊ? क्लेमंट साहेबाच्या बायकोला घरकामाला बाई हवी असं कळलं, मी निरोप पाठवला. घर ओळखीचं, जिने माहीत. राहायचं तिथेच, गुरुवारी दुपारी सुट्टी.

लव्हिनिया जोरजोरानं नको म्हणाली. "कुठेही ठेवा, आई, त्या घरात नको." मी म्हटलं, का गं? तुला ह्या मुलीची कधीपासून एवढी काळजी? बोलायला हवं होतं मी, की मामीच आहे शेवटी, काळजी असणारच. तेव्हा सुचलं नाही, आता लिही.

ओडेसाला जाताना एकच सांगितलं. वरच्या कपाटाजवळ गेलीस तर तोंड मिटून, आणि कोरडं, मऊ पीस सोडून दुसरं काही हातात नको.

"माहीत आहे आजी. कडेनं धरायचं."

लहानपणापासून दर ईस्टरला अस्तर उसवून मी तिला ते नाणं दाखवत आले, चिठ्ठी फाटेल म्हणून आतच ठेवून. कडेनं धरणारी दुसरी हीच एक.

१७ ऑगस्ट, गुरुवार

लव्हिनिया, बस. पेन घे. नाही, आजच. तू बायबलवर हात ठेवलायस.

ओडेसा दुपारी आली. टोपी काढली नाही. रॉस्को बर्फ पोचवायला गेला होता, लव्हिनिया शिवायला बसली होती. ओडेसानं खिशातून धोब्याच्या यादीचा कागद काढला. त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी उतरवून आणलं होतं.

ह्या आठवड्यात पहिल्यांदा तिला वरच्या खोलीत पाठवलं, कपाट पुसायला. सगळी नाणी जागच्या जागी होती. तिनं साहेबाला विचारलं, तुमचं सोनं बँकेनं नेलं नाही? तो हसला. म्हणाला, "दुर्मीळ नाणी जमवणाऱ्यांना सूट आहे. पहिल्याच दिवशी पेपरात आलं होतं. वाचायला शीक, मुली."

माझ्या ओडेसाला म्हणाला, वाचायला शीक.

तो खाली गेल्यावर तिनं खण ओढला. साहेबांच्या वेळी रिकामा राहिलेला खळगा भरला होता. टोपीवाली बाई, सोळा तारे. तिनं कडेनं उचललं, खिडकीशी नेलं. गाल चमकत होता.

आणि खाली चिठ्ठी होती. माझीच, जुनी, घड्यांवर फाटलेली. तिनं ती दोन्ही बाजूंनी उतरवून आणली.

पुढच्या बाजूला, म्हाताऱ्या साहेबांच्या हातचं: "१७९७. सोळा तारे, लहान गरुड. मोलकरणीने घासून बिघडवले. किंमत तिच्या पगारातून वसूल."

मी म्हटलं, पुढे वाच. म्हणाली, पुढे काही नाही, आजी. मी म्हटलं, माझं नाव वाच. म्हणाली, नाव नाही.

पंचेचाळीस वर्षं मी तो कागद कोटात शिवून फिरले.

मागच्या बाजूला नवी शाई, क्लेमंट साहेबाची: "मिसेस एल. टॉलिव्हर यांच्याकडून परत घेतले, २६ एप्रिल १९३३. गाल घासलेला, तरी अशी फार थोडी उरली आहेत. एकशे साठ डॉलर."

म्हणजे टॉलिव्हर हे नाव त्या चिठ्ठीवर शेवटी आलंच. एल. हे अक्षर कुणाचं ते मला ओडेसानं सांगावं लागलं.

पेन थांबवू नकोस, लव्हिनिया. कागदावर डोळे गाळू नकोस, शाई पसरते.

मी हिला विचारलं, माझं नाव चिठ्ठीवर नव्हतं हे तुला लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यापासून माहीत होतं?

"होतं."

"मग मालकीण कुठून आणलीस?"

"तुम्ही अशा बघत होतात, आई. मला खरं वाचवेना."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी हिनं नसलेलं वाचलं, माझ्यासाठी. एप्रिलात असलेलं वाचलं नाही, रॉस्कोसाठी. दोन्ही वेळा आवाज तोच होता. मला फरक कळायला काही मार्गच नव्हता.

बँकेत ही गेलीच नाही. मला बाकावर बसवून रांगेच्या कडेनं पुढे गेली. टोप्यांच्या दुकानामागच्या गल्लीत क्लेमंट साहेब उभा होता. एकशे साठातले पाच माझ्या हातावर आले. तेही मी ट्रकच्या टायरात घातले. टायर तरी चांगला निघालाय म्हणे.

मी म्हटलं, लव्हिनिया, मागितलं असतंस तर?

त्यावर ती जे बोलली ते तिनं स्वतःच्या हातानं लिहावं. लिही.

"मागितलं असतं तर तुम्ही विनोद केला असता. माझा एकच मुलगा आहे. त्या कोटात पर्लच्या मुलीचं वर्ष शिवलेलं होतं. एमॉसच्या मुलाचं काय शिवलं होतं तुम्ही?"

काही नाही. रॉस्कोसाठी मी काही शिवलं नव्हतं. तो खिडकीत बसून ट्रक मोजायचा आणि मी त्याची चेष्टा करायचे. प्रश्न बरोबर आहे, हे लिही. आणि हेही लिही, की प्रश्न बरोबर असला म्हणून माझी नात त्या घरातला जिना घासायची थांबत नाही. उद्या सकाळी सहाला ती परत जाईल. स्वतःच्या आजीचं नाणं दर शुक्रवारी पिसानं झटकेल, तोंड मिटून. पुढच्या वर्षी फळ्यासमोर दुसरी कुणीतरी उभी असेल.

मी मागितलं तर साहेब देईल? नाही देणार. त्याच्याजवळ कागद आहे. माझ्याजवळ वही आहे, आणि तिच्यात चोराचंच अक्षर आहे.

एक गोष्ट मात्र हिच्या बाजूची, ती गाळायची नाही. मघाशी ओडेसाला मी ही सगळी वही पहिल्या पानापासून वाचायला लावली. जिन्यावर लागलेला वेळ, पेपर वाचतानाचा खोकला, एका मित्राची दोन नावं, माशाचे तुकडे. सगळं जसंच्या तसं होतं. हिनं स्वतःविरुद्धचा एकही शब्द गाळला नव्हता. बायबलवर शपथ लिहिण्याची घेतली होती, वाचण्याची नव्हती. ती मी घ्यायला विसरले. माझंच चुकलं.

बस झालं. आता आजचं पान वाचून दाखव, लव्हिनिया. वरून.

तिनं वाचलं. सावकाश, स्वतःचं नाव आलं तिथेही न थांबता, एकही ओळ न सोडता.

मला कसं कळलं तेही लिही. ओडेसा हिच्या खुर्चीमागे उभी होती, वहीवर डोळे ठेवून.